चित्र पडद्यावर, ट्यूब हातात

बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब घालताना पहिली अडचण नजरेची असते. जीभ वाट अडवते, एपिग्लॉटिस स्वरतंतूंवर झुकलेली असते आणि आपल्या डोळ्यांना मात्र सरळ रेषेतलंच दिसतं. 1943 साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी मांडलेलं वाकडं ब्लेड जीभ बाजूला सारून ही सरळ रेषा मोकळी करतं, आणि आजही बहुतेक ट्रॉलींवर तेच असतं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये कॅमेरा ब्लेडच्या टोकाजवळ बसवलेला असल्यामुळे डोळा आणि स्वरयंत्र एका रेषेत आणण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये भूल देणाऱ्या परिचारिका हे काम रोज करतात, अमेरिकेतल्या हवाई रुग्णवाहिकांतही परिचारिका ते करतात. आपल्याकडे ते प्रामुख्याने डॉक्टरांचं मानलं जातं. पण भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखल्यापासून हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. माझं मत असं, की परिचारिकेने इंट्यूबेशन करायचं असेल तिथे पहिल्या प्रयत्नालाच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हातात असावा. मात्र तिच्या शिक्षणाचा भर पडद्यावरच्या चित्रापेक्षा ट्यूब घालणाऱ्या हातावर असावा.

पहिल्या प्रयत्नाला इतकं महत्त्व का, हे अतिदक्षता विभागात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. प्रत्येक जादा प्रयत्नागणिक सॅच्युरेशन घसरतं, घशाला सूज येते, रक्त येतं आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो. साध्या लॅरिंगोस्कोपचा हात बसायला वेळ लागतो. शिकाऊ व्यक्तींवरच्या दोन जुन्या अभ्यासांत नव्वद टक्के यशापर्यंत पोहोचायला अनुक्रमे 47 आणि 57 इंट्यूबेशन लागतील असं आढळलं, तेही शस्त्रक्रियागृहातल्या निवांत, तयारीच्या रुग्णांवर. महिन्याकाठी एखाद-दुसरी संधी मिळणाऱ्या परिचारिकेला हा सराव कुठून मिळणार? अमेरिकेतल्या आपत्कालीन व अतिदक्षता विभागांत 1,417 रुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्याच प्रयत्नात ट्यूब गेली ती व्हिडिओने 85.1 टक्के, तर साध्या ब्लेडने 70.8 टक्के रुग्णांत. त्यात काम करणारे बहुतांश शिकाऊ डॉक्टर होते, त्यामुळे हा पुरावा थेट परिचारिकांचा नाही. पण हात जितका कमी सरावलेला, तितका व्हिडिओचा फायदा मोठा, हे त्याच आकड्यांतून पुढे आलं. क्वचित इंट्यूबेशन करणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत माझा युक्तिवाद याच निष्कर्षावर उभा आहे.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा फ्रान्समधला आहे. तिथे सात अतिदक्षता विभागांत 371 रुग्णांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हिडिओने पहिल्या प्रयत्नाचं यश वाढलं नाही. उलट जीवघेण्या गुंतागुंती त्या गटात अधिक दिसल्या. हा निकाल अपवाद म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही, कारण त्यात एक धडा आहे. तिथे स्वरयंत्र अधिक चांगलं दिसत होतं, ट्यूब मात्र त्या प्रमाणात आत जात नव्हती. पडद्यावर स्वरतंतू स्पष्ट दिसले की नजर तिथेच खिळते. मग ट्यूब तोंडात शिरताना टाळ्याला घासते, टोक एका बाजूला अडकतं आणि वेळ जातो. म्हणून ट्यूब तोंडातून पुढे सरकवताना लक्ष तोंडाकडे हवं, टोक जिभेमागे गेलं की मगच पडद्याकडे वळावं. स्टायलेटला ब्लेडसारखा बाक आधीच द्यावा, बूजी हाताशी उघडून ठेवावी. ही शिस्त नसेल, तर महागडा कॅमेरा फक्त अपयशाचं स्वच्छ चित्र दाखवेल.

दुसरा आक्षेप जुन्याजाणत्यांचा: पडद्याची सवय लागली की साधं ब्लेड हातातून जाईल, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी संपेल, किंवा उलटी नि रक्ताने लेन्स माखेल. ही भीती खरी आहे. पण तिच्यासाठी नवशिकीला आधी वर्षभर जुन्या साधनाशी झगडायला लावणं हा उपाय नव्हे. मॅकिन्टॉशच्याच आकाराचं ब्लेड असलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेतला तर एकाच हातात दोन्ही कौशल्यं शिकता येतात. शिकणारी तोंडातून थेट पाहते, शिकवणारी पडद्यावर पाहून तिला सुधारते. लेन्स माखली तरी तेच ब्लेड साध्यासारखं वापरता येतं. सक्शन आधी चालू करून मग ब्लेड घालायची सवय तर दोन्हींना लागते. खर्चाचा मुद्दा लहान रुग्णालयांसाठी गंभीर आहे, पण रुग्णालयात एकच उपकरण असेल, तर तो पडदा सर्वांत कमी सराव असलेल्या हातापाशी जायला हवा.

परिचारिकेच्या बाजूने आणखी एक गोष्ट, जिचा हिशेब चाचण्यांत क्वचितच मांडला जातो. इंट्यूबेशन डॉक्टर करत असले, तरी गळ्यावर दाब देणारी, ट्यूब हाती देणारी, मॉनिटरवर लक्ष ठेवणारी बहुधा परिचारिकाच असते. साध्या ब्लेडच्या वेळी ती अंदाजाने दाबते. पडदा असला की आपल्या बोटांनी स्वरयंत्र कुठे सरकलं हे तिला दिसतं, ट्यूब अन्ननलिकेकडे निघाली तर ती वेळीच बोलू शकते. तरीही अंतिम निर्णय पडद्यावर सोडू नये. ट्यूब योग्य जागी असल्याची खात्री कॅप्नोग्राफीवरच्या सलग लाटांनीच करायची. ब्रिटनच्या 2011 च्या राष्ट्रीय पाहणीने श्वसनमार्गाच्या गुंतागुंतींतून अतिदक्षतेत झालेल्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफीचा अभाव कारणीभूत ठरला असावा असं म्हटलं होतं. म्हणून खरेदीची यादी करताना कॅप्नोग्राफ आधी लिहावा, मग व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, आणि या दोन्हींच्या बरोबरीने परिचारिकांच्या सरावाचे तास.