ट्रॅक्टरमधला रेडिओ

रात्री मागचं आवरून झालं, ओटा पुसून दिवा मालवला, की कधीकधी मी ‘बेबी’ लावते. तसं काहीच घडत नाही त्या गाण्यात. झोपाळ्यासारखा संथ ठेका, मोजकं बेस गिटार, आणि एका कोवळ्या पोराचा आवाज. इतका दबका, की शेजारच्या खोलीत कुणी निजलंय असं वाटावं. शेजार कसला? ते गायलं गेलं तिथे बाहेर नुसतं शेत आणि रान.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फ्रूटलँड नावाचं खेडं आहे. तिथे शेती आणि लाकूडतोड करणाऱ्या डॉन इमरसन यांच्या नव्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये रेडिओ होता. जो आणि डॉनी ही त्यांची मुलं शेतातली कामं करता करता तो ऐकत राहायची. तासामागून तास, आणि कानात कुठल्या कुठल्या शहरांतलं सोल आणि सॉफ्ट रॉक. धाकटा डॉनी स्वतःच गाणी रचू लागला.

मग वडिलांनी जमिनीवर कर्ज काढलं आणि शेतातच स्टुडिओ उभा केला. खर्च सुमारे 1 लाख डॉलर. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तो विहिरीपायी, लग्नापायी. गाण्यापायी चढलेला मी तरी ऐकला नाही. त्यांचा आग्रह एवढाच, की दुसऱ्यांची गाणी वाजवत बसू नका, आपली करा.

1979 साली ‘ड्रीमिन वाइल्ड’ हा त्यांचा अल्बम निघाला; ‘बेबी’ त्यातलंच. कंपनी नाही, घरचाच खर्च. ड्रम्स जोचे, गाणं, गिटार, कीबोर्ड बहुतेक सगळं डॉनीचं. म्हणून तबकडीवर दोन नावं असली तरी मला तो एकट्या डॉनीचाच वाटत आलाय. मुखपृष्ठावर मात्र दोघे, पांढऱ्याशुभ्र पोशाखात, या भल्यामोठ्या कॉलरी. हसू येतं, आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटतं.

तबकडी फारशी कुणी घेतली नाही. कर्ज मात्र कुणासाठी थांबत नाही. 1600 एकरांची जमीन विकत विकत शंभराच्याही आत आली. वडिलांनी कधी बोल लावला नाही म्हणतात. बोल लावला असता तर डॉनीला बहुधा सोपं गेलं असतं.

2008 मध्ये स्पोकेनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एका संग्राहकानं ते मुखपृष्ठ पाहून तबकडी 5 डॉलरला उचलली. 2012 मध्ये ती नव्यानं निघाली, पुढे तिच्यावर सिनेमाही झाला. हा भाग सगळे रंगवून सांगतात. मला त्यात फारसा जीव वाटत नाही; तीस वर्षं फारसं कुणी ऐकलं नाही, तेव्हाही ‘बेबी’ आहे तेवढंच चांगलं होतं.

सॉफ्ट रॉकला गुळचट म्हणायची पद्धत आहे, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण डॉनीचा आवाज कुणाला भुलवायला मऊ झालेला नाही. ऐकणारं माणूस घरातलंच असेल तर आवाज चढवायचा कशाला?

ड्रम्सवर जोचा हात मध्येच किंचित मागे राहतो. शहरातल्या स्टुडिओत कुणी काच वाजवून पुन्हा घ्यायला लावलं असतं. डॉनी थांबत नाही. भाऊ येईपर्यंत एक सूर लांबवतो, आणि दोघे पुढे निघतात.