पाला

"आज रात्री पाला पडते, बापू. आभाळ पाह्य कसं साफ हाय," असे काका म्हणाले तेव्हा मला हसू आले होते. आमच्या बेळगावकडे पाला म्हणजे झाडाची पाने. ती पडायला रात्रच कशाला हवी?

पण पांढुर्णा-सौंसर हा मुलूख मराठी बोलणारा असला तरी मध्य प्रदेशातला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचाच पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या दहिवराला तिथे हिंदीतलाच 'पाला' हा शब्द. कन्नडमध्ये दवाला 'इब्बनि' असा गोड शब्द आहे. पण तो गोठून रोप मारील, ही भीती आपल्याकडे कोणाला नाही.

मावशीच्या घरी मी गेलो होतो मावसबहिणीच्या लग्नाच्या तयारीसाठी. दिवस वसंतपंचमीच्या आसपासचे. संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराच्या कळ्या दिसू लागल्या होत्या. बागेशेजारी काकांची रोपवाटिका आहे. आधी जंबेरीचे बी पेरायचे, त्याचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तो फुटून वाढला की पावसाळ्यात कलम विकायचे. बियापासून विक्रीपर्यंत दोन वर्षे तरी जातात. त्या वर्षीच्या कलमांच्या भरवशावरच लग्नाची उसनवारी झाली होती.

निम्मी कलमे प्लॅस्टिकच्या हरितगृहात होती आणि निम्मी उघड्या वाफ्यांत. काका आणि दादा लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरला निघाले. जाताना काका म्हणाले, "संध्याकाळी विहिरीचं पाणी दे, अन् आतमधी पण झाकजो." मावशीने बांबूच्या मांडवावर कडबा आणि तुराट्या टाकून वाफे झाकले, आग्नेयेची बाजू तेवढी सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवली. हरितगृह माझ्याकडे होते. मी चारी पडदे ओढून घेतले आणि म्हणालो, "मावशी, हे घरच आहे. घराला आणखी गोधडी कशाला?" पाणीही दिले नाही. थंडीत ओल नको, असा माझा तर्क! रात्री जेवून स्वस्थ झोपलो.

सकाळी मावशीने हाक मारली. बाहेरच्या गवतावर पिठी साखर भुरभुरावी तसे पांढरे दिसत होते. वाफ्यांवरचा कडबा पांढरा झाला होता, पण त्याखालची रोपे हिरवी होती. हरितगृहात मात्र नाल्याकडच्या उताराची रोपे उकडल्यासारखी काळवंडून माना टाकून उभी होती. मोजली तर सहाशे. चाळीस रुपयांप्रमाणे चोवीस हजार. मावशी मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

असे का झाले, हे मला नंतर वाचून कळले. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. काच ती उष्णता अडवते; साधे पातळ प्लॅस्टिक बरीचशी बाहेर जाऊ देते. त्यात पडदे बंद, म्हणजे वरच्या थराची थोडी ऊबदार हवा खाली मिसळायलाही वाट नाही. अशा रात्री कधी कधी आतले तापमान बाहेरच्यापेक्षाही खाली जाते! थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराला जाऊन साचते. आणि हवा तीन-चार अंशांवर असली तरी आकाशाखाली उघडे पान त्याहून थंड होऊन शून्याखाली जाऊ शकते. माझे 'घर' म्हणजे नुसता पारदर्शक कागद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका परतले. त्यांनी रोपे पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चाल, पाणी धर." विहिरीचे पाणी थंडीत कोमट असते, त्याने जमीन भिजवली, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. दादाने पाण्याने भरलेले सहा पिंप आत उन्हात मांडले. हिशेब मीच केला. एक लिटर पाणी एका अंशाने निवले की एक किलोकॅलरी उष्णता देते. दोनशे लिटरचे पिंप दहा अंश निवले तर दोन हजार. मावशीने ट्रंकेतली जुनी लुगडी काढली. ती आम्ही प्लॅस्टिकच्या हातभर खाली तारांवर आडवी पसरली. मधला हवेचा थर हीच गोधडी. मध्यरात्रीनंतर वायव्येच्या बांधावर ओला पालापाचोळा धुमसत ठेवला. त्या रात्री कोणी झोपले नाही. पहाटे बाहेर पारा तीन अंशांवर होता, आत सातावर. एकही नवे रोप गेले नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसारा शिकतो, बुडीत कर्जाची तरतूद शिकतो. त्या हरितगृहाची किंमत मला पहिल्याच दिवशी रुपयांत ठाऊक होती. ते रात्री काय करते, हे मात्र मी कोणाला विचारले नव्हते. मावशीला किरणांची उष्णता ठाऊक नव्हती. कडबा कुठून झाकायचा आणि कुठून उघडा ठेवायचा, हे पक्के ठाऊक होते.

जळलेली रोपे मी लगेच उपटायला निघालो, तर काकांनी हात धरला. "थांब. चैत्रात बोलते ते." पाल्याने काय मेले आणि काय जगले, हे नवी फूट आल्याशिवाय कळत नाही.

चैत्रात दादाचा फोन आला. सहाशेपैकी दोनशे दहा रोपे जोडाच्या वरून फुटली होती. म्हणजे संत्रा वाचला. अडीचशेच्या वर रोपे जोडाखालून फुटली. ती फूट जंबेरीची; तिला संत्रे येणार नाही. बाकीची गेली. मी विचारले, "मग जंबेरीची फेकायची का?"

"फेकतो कायले? मूळ जित्तं हाय ना. पुन्हा डोळा बांधू."

लग्न वैशाखात ठरल्याप्रमाणे झाले. उसनवारी एक वर्ष लांबली. येत्या हिवाळ्यात डोळे बांधायला मी जाणार आहे. आणि काकांनी 'पाला' म्हटले की आता आधी आभाळाकडे पाहीन.