फटफटीचा योगक्षेम

'योगक्षेम' हा शब्द आपण एका दमांत उच्चारतों; पण भाष्यकारांनीं त्याची फोड करून ठेविली आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. योगाचा उत्साह सर्वांस असतो, क्षेमाचा कंटाळा बहुतेकांस येतो. वर्गांत हा भेद समजावितांना आम्ही गाय, विहीर, ग्रंथ असे दाखले देत असूं. आतां कोणी विचारल्यास फटफटीचा दाखला देतों; आणि साठी उलटलेल्या संस्कृत शिक्षकाच्या तोंडीं तो कसा आला, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

आमचें कुटुंब नगर शहरांत एकत्र राहतें. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. आमच्या तोंडीं अजून नगरच. थोरल्या नातवास एकोणिसावें लागलें आणि त्यानें हप्त्यांनीं नवी वेगवान मोटारसायकल घेण्याचा हट्ट धरिला. घरांत लगेच दोन पक्ष पडले. त्याच्या वडिलांचें मन वळूं लागलें होतें, पण आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हप्ते तुम्ही फेडाल हो, पण रात्रीं दाराकडे डोळे लावून बसायचें तें मीच." ही भीति अनाठायीं नव्हती. गळिताच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर अंधारांतून उसाच्या ट्रॉल्या चालतात. पुष्कळींना मागें दिवा सोडाच, लाल चकतीही नसते. भरधाव येणाऱ्या तरुणास ट्रॉली दिसते तेव्हां अंतर उरलेलें नसतें.

नुसत्या नकारानें मुलगा घरचा राहत नाहीं, हें शिक्षकास सांगावें लागत नाहीं. आम्हीं तोड सुचविली: गाडी जुनी घ्यावी, ती त्यानें आणि आम्हीं मिळून आपल्या हातांनीं राखावी, आणि तिचा ब्रेक त्यास स्वतः उघडून बसवितां येईपर्यंत ती गांवाबाहेर नेऊं नये. दोन्ही पक्षांनीं ही तोड मान्य केली.

दुचाकीचें नगरास वावडें नाहीं. फिरोदियांच्या कायनेटिकनें १९७२ सालीं लूना आणिली, ती नगरच्या कारखान्यांत तयार होई. आमची बहुतेक नोकरी तिच्यावरच झाली. पण नातवाच्या डोळ्यांपुढें लूना कशी यावी? त्याच्या मनांत भरली ती यामाहा आर. एक्स. १००. एस्कॉर्टस् कंपनीनें जपानी यामाहाच्या सहकार्यानें ही गाडी १९८५ सालीं आणिली. १९९६ सालीं, धुराचे नियम कडक झाल्यावर, ती बंद झाली. इंजिन ९८ घन सेंटीमीटरचें, शक्ति ११ अश्वांची. आंकडे आज लहान वाटतात. पण गाडीचें वजन शंभर किलोंच्या आसपास, त्यामुळें मूठ पिळतांच ती हरिणासारखी उसळते. तरुणांचा जीव तिच्यावर अजून आहे, आणि भावही चढाच आहे.

योगास दोन महिने लागले. जुनी गाडी पाहावयास जाणारानें कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. इंजिनावरील व चासीवरील आंकडे आर. सी. बुकांतील आंकड्यांशीं ताडून पाहावे. खरवडल्याची खूण दिसल्यास नमस्कार करून परतावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. ती वाढविली आहे ना, बँकेचा बोजा उतरला आहे ना, विमा चालू आहे ना, हें पाहावें. टायरच्या कडेवरील चार आंकडे त्याच्या जन्माचा आठवडा व साल सांगतात. आणि इंजिन थंड असतांनाच पहिली किक आपण मारावी. राहुरीकडील एका गृहस्थांनीं आम्ही पोंचण्यापूर्वींच गाडी तापवून ठेविली होती. आम्हीं चहा घेतला, गाडी घेतली नाहीं. शेवटीं १९९४ सालची एक गाडी, रंग उडालेली पण कागदांनीं निर्मळ, घरीं आली.

येथून क्षेमाचा अध्याय सुरू झाला. गुरु मिळाला तो आमचाच एक जुना विद्यार्थी. माळीवाड्याच्या बाजूस त्याचें गॅरेज आहे. वर्गांतल्या धातूंशीं त्याचें कधीं जमलें नाहीं. गॅरेजमधल्या धातूंचे रोग मात्र तो नुसत्या आवाजावरून सांगतो. "गुरुजी, आधीं कान द्या, मग पाना लावा," हा त्याचा पहिला पाठ.

या टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टनास लागणारें तेल पेट्रोलाबरोबरच आंत जातें आणि जळतें. तेल कमी पडलें तर पिस्टन तापून जागींच अडकतो. फार झालें तर काजळी धरून सायलेन्सर तुंबतो. प्लग काढून पाहिला असतां तपकिरी असावा. काळा असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापत आहे. वैद्यानें जीभ पाहावी तसा हा प्लग पाहावा. शिवाय हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओल ओढतें आणि जुन्या गाडीच्या रबरास बाधतें. म्हणून आम्हीं नळ्या नव्या घातल्या, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास कार्बोरेटर रिकामा करतों. प्रवरानगरास १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्हा उसाचा झाला. तोच ऊस आतां रस्त्यावर ट्रॉलींतून आणि टाकींत इथेनॉल होऊन, असा दोन्ही वाटांनीं भेटतो.

पण खरा धडा ब्रेकाचा. एका रविवारीं पुढचें चाक उतरविलें. ड्रममधील लायनर झिजून पातळ झाले होते. नातवानें एक हातांत घेतला, बोटानें चांचपला आणि म्हणाला, "आजोबा, एवढ्याशा पट्टीवर सगळी गाडी थांबते?" आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्यानेंच नवे लायनर बसविले, तार ताणली, चाक फिरवून पाहिलें. पुढें त्याच्या मागें बसून आम्ही केडगांवपर्यंत गेलों, तेव्हां सिग्नलच्या कितीतरी आधीं मूठ सैल झालेली आम्हांस जाणवली. वेगाविषयीं आम्हीं त्यास व्याख्यानें पुष्कळ दिलीं होतीं. त्यांचें काम त्या पट्टीनें केलें.

हा छंद फुकटचा नाहीं. सुटे भाग महाग, बोटांची काजळी निघतां निघत नाहीं. आणि अशा गाडीचा धूर नव्या गाडीहून अधिक, म्हणून ती रोजच्या कामास न वापरतां रविवारींच काढावयाची असा घरांत नियम आहे. नातू उद्यां नोकरीस लागून स्वतःच्या पैशानें वेगवान गाडी घेईलही. तेव्हां अडविणारे आम्ही कोण? सौभाग्यवतींची भीति गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या अजून दाराशीं बसतात. पण गेल्या गळिताच्या दिवसांत मित्रांचें रात्रींच शिर्डीस निघण्याचें घाटत असतां, "उजाडल्यावर निघूं," असें नातवानेंच त्यांस सांगितलें. आणि ही हकीकत आम्हांस कळली ती सौभाग्यवतींच्याच तोंडून. ज्या घरांत असा हट्ट उभा राहील, तेथील वडीलधाऱ्यांनीं किल्ली देण्यापूर्वीं मुलाच्या हातीं पाना द्यावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.