जोडीचा आकडा

जुन्या पेढ्यांवर एक शिरस्ता असे. रोजमेळ जुळला नाही, तर प्रथम बेरीज तपासावी, मग नोंदी पाहाव्यात, आणि माणसाकडे बोट सर्वांत शेवटी न्यावे. किर्द-खतावणीच्या वह्या बासनात बांधून माळ्यावर गेल्या, त्यांच्याबरोबर हा शिरस्ताही गेला की काय, असा प्रश्न सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी एका रात्री उभा राहिला. निमित्त होते संगणकाच्या कळफलकाचे.

घरातील वडीलधाऱ्यांना घरी-दारी सारे अण्णा म्हणतात. पंचाहत्तरीला आलेल्या अण्णांनी चाळीस वर्षे किर्द स्वहस्ते लिहिली. संगणक आला तेव्हा त्यांनी नाक मुरडले नाही. मुलाकडून शिकून घेतले आणि घराच्या पुढच्या खोलीत, जिथे पेढीची कचेरी आहे, तिथे रोज सकाळी दोन तास बसून रोखीच्या जमा-खर्चाच्या नोंदी ते स्वतः करू लागले. गेल्या वर्षापासून मात्र त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. बोट एकदा ठेवले तरी कळ दोनदा दाबली जाई. ५०० चे ५,००० होत, आणि मग ते चष्मा सरसावून आगंतुक शून्ये खोडीत बसत. याविषयी त्यांनी कोणाजवळ शब्द काढला नाही. ज्याचा हात कापतो त्याच्या हाती तिजोरीची किल्ली फार काळ राहत नाही, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिले होते.

त्या महिन्याच्या ११ तारखेला मुलगा हळदीच्या खरेदीसाठी केलेला इरोडचा दौरा आटोपून परतला. मागील महिन्याच्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरण्याची ती अखेरची तारीख. हिशेबनीस रजेवर असल्याने हाती लिहिलेली साठेक बिले संगणकात चढवायची राहून गेली होती. विवरणपत्र चुकले वा राहिले तर विलंबशुल्क तर लागतेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खरेदीदाराला मिळणारी कराची वजावट अडते. गिऱ्हाईक पैशाची ओढाताण सोसते, वजावट अडवणाऱ्या व्यापाऱ्याला सोसत नाही.

दिवसाउजेडी जेवणे आटोपून मुलगा संगणकापुढे बसला. पहिलेच बिल ११,५०० रुपयांचे. पडद्यावर उमटले १५०. खोडून पुन्हा टंकले, पुन्हा १५०. पुढचे बिल ४४,२०० चे. त्याचे झाले ४२०. एरवी या आकड्यावर घरात हशा पिकला असता. त्या रात्री कोणी हसले नाही.

मग सुरू झाले ते प्रत्येक घरात होणारे उपचार. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कळफलकाची वायर काढून दुसऱ्या जागी खोचली. कळफलक उलटा करून झटकला. त्यातून धूळ निघाली आणि थोडी हळदही. मऊ कुंचल्याने फटी साफ केल्या. उजवीकडच्या आकड्यांचा दिवा तपासला. वरच्या रांगेतील आकडे वापरून पाहिले. गुण तोच.

मुलाचा तर्क अगदीच निराधार नव्हता. साध्या कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची एक छोटी घुमटी असते आणि त्याखाली प्लास्टिकचे पातळ थर. कळ दाबली की वरच्या व खालच्या थरांवरील वाहक रेषा एकमेकींना टेकतात आणि संगणकाला संदेश जातो. तिथे चहा सांडला, साखर चिकटली, धूळ बसली, की कळ मुकी होते किंवा एकाऐवजी दोनदा बोलते. चहा हा शब्द त्याच्या मनात आला आणि पाठोपाठ तोंडातूनही गेला.

“अण्णा, सकाळी चहा घेऊन इथेच बसता ना? सांडला असणार. उद्यापासून तुम्ही संगणकावर बसू नका. नोंदी मी पाहीन.”

अण्णांनी हातातले वर्तमानपत्र घडी घालून ठेवले. चहा सांडला नव्हता. पण ते तसे म्हणाले नाहीत. हाताविषयी बोलावे लागेल, या भीतीने माणूस न केलेली चूकही मुकाट्याने पदरात घेतो.

साडेनऊला शेजारच्या दुकानदाराकडून नवा कोरा कळफलक आणला. जोडला. ११,५०० टंकले. पडद्यावर १५०. आता मुलाचा धीर सुटला. संगणकच बिघडला म्हणून त्याने दुरुस्ती करणाऱ्याला फोन लावला. तो सकाळी दहाच्या आत येणार नव्हता.

तेव्हा अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले. “दहा बिले टंक,” ते म्हणाले, “आणि जसे उमटेल तसे राहू दे. खोडू नकोस.” मुलगा अनिच्छेने टंकत गेला. अण्णा पेन्सिल घेऊन बिल आणि पडदा ताडून पाहत होते. जुळले त्यावर खूण, न जुळले त्यावर फुली. दहा झाल्यावर त्यांनी बिलांचे दोन गठ्ठे केले.

“३६,७५० बरोबर आले. १२,३४० बरोबर आले. कळ बिघडली असती तर ती सर्वत्र बिघडली असती. शिवाय नव्या कळफलकात तोच रोग कसा येईल? जिथे एकच आकडा लागोपाठ दोनदा येतो, तिथेच दुसरा गळतो. यंत्र बिघडलेले नाही. लागोपाठ आलेले दुसऱ्यांदा घेऊ नकोस, असे त्याला कोणीतरी सांगून ठेवले आहे.”

दारात उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा उतरला. “अण्णा, ते मी केले आहे,” ती हळूच म्हणाली.

चार दिवसांपूर्वी तिने अण्णांना शून्ये खोडताना पाहिले होते. विंडोज प्रणालीत सुलभतेच्या विभागात ‘फिल्टर कीज’ नावाची एक सोय आहे. तिच्यात ‘बाउन्स कीज’ हा एक पर्याय असतो. ज्यांचे हात कापतात त्यांच्यासाठीच तो आहे. ठरवलेल्या वेळेच्या आत तीच कळ पुन्हा दाबली गेली, तर ती दुसरी दाब संगणक मोजत नाही. सुनेने ती वेळ अर्धा सेकंद ठेवली होती. अण्णांच्या सावकाश बोटांना ती पुरेशी होती. पण मुलाच्या भरधाव बोटांचा खरा दुसरा आकडाही कंप समजून टाकला जात होता. अण्णांना संकोच वाटू नये म्हणून ती कोणाला बोलली नव्हती, आणि तिचा नवरा त्याच संगणकावर बसेल तेव्हा काय होईल, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. “चार दिवस मला वाटत होते,” ते म्हणाले, “की हात सुधारला.”

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मुलाला त्या हाताचा कंप त्या क्षणी प्रथम दिसला. वर्षभर तो त्याच्या समोरच होता.

“अण्णा, चुकले माझे.”

“आधी बिले चढव. बाराला वेळ थोडा आहे. मी वाचतो, तू टंक.”

सुनेने ती सोय बंद केली. अण्णा प्रत्येक रक्कम अक्षरी वाचत गेले, मुलगा टंकत गेला. बाराला वीस मिनिटे कमी असताना विवरणपत्र दाखल झाले.

त्या रात्रीतून त्या घराने घेतलेला धडा कोणत्याही पेढीला उपयोगी आहे. कळफलक नीट चालेनासा झाला तर प्रथम दुसरा कळफलक जोडून पाहावा. दोष गेला तर तो कळफलकाचा. राहिला तर सेटिंग्ज पाहाव्यात. ही सोय कोणी मुद्दाम लावावी लागते असेही नाही. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली तर ‘फिल्टर कीज’, आणि शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली तर ‘स्टिकी कीज’ सुरू करण्याची विचारणा पडद्यावर येते. लहान मूल खेळता खेळता किंवा आपण घाईत तिला होकार देऊन बसतो, आणि मग चांगला कळफलक भंगारात जातो.

दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर दोन स्वतंत्र खाती उघडली गेली, एक मुलाचे, एक अण्णांचे. ही सेटिंग ज्याच्या त्याच्या खात्यापुरती राहते. पेढीच्या दृष्टीनेही ते बरेच झाले. कोणती नोंद कोणी केली हे आता स्पष्ट कळते. सकाळी मुलाने स्वतः अण्णांचे खाते उघडून दिले आणि चहाचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

अण्णांनी पहिली नोंद केली: ५००. दोन शून्यांच्या मध्ये क्षणभर थांबायचे असते, हे आता त्यांना ठाऊक आहे. आकडा एकदा वाचून पाहिला, आणि ते पुढच्या पावतीकडे वळले.