नकाशा कुठल्या सालचा?

परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर नातवाच्या खोलीत दिवा. तो घरूनच लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो.

"काय रे, दोन वाजले."

"आजी, सर्व्हर पडला. सकाळी नऊला कारण सांगायचंय आणि हा क्रॅश डंप उघडतच नाहीये."

क्रॅश हे त्याच्या हत्याराचंच नाव! (संगणकवाले हसतील, पण मला समजलं तसं लिहिते.) कर्नेल कोलमडला की राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नेल उठतो आणि पहिल्याच्या मेमरीची नक्कल डिस्कवर उतरवून ठेवतो. हे केडंप. त्या नकलेत नुसते आकडे. कुठे काय होतं ते सांगणारा नकाशा वेगळा, त्याला व्हीएमलिनक्स म्हणतात. दोन्ही एकाच आवृत्तीचे लागतात. पडद्यावर तेच आलं होतं, दोन्ही जुळत नाहीत.

"नक्कलच बिघडलीय बहुतेक."

मी पडले मास्तरीण. म्हटलं, "नकाशा कुठल्या सालचा घेतलास?"

"आत्ता चालू असलेल्या कर्नेलचाच..." आणि गप्प झाला. महिन्यापूर्वी नवा कर्नेल घातला होता, पण मशीन रीबूट केलंच नव्हतं. म्हणजे पडला तो जुना, आणि उठला तो नवा! डंपाशेजारच्या डीमेसेजच्या फाइलीत जुना आकडा सापडला. त्या आकड्याचं डीबगइन्फो आणल्यावर क्रॅश मुकाट्याने उघडला. चूक एका ड्रायव्हरची निघाली.

मला मात्र झोप येईना. १९७२ साली मी बी.ए. झाले. एम.ए.साठी पुण्याला जायचं होतं. अण्णा "नको" म्हणाले, एवढंच. ते "नको" मी पन्नास वर्षं आजच्या नकाशावर वाचत आले. मुलीची जात म्हणून अडवलं, असं सगळ्यांना सांगत आले. पण ते दुष्काळाचं साल होतं. विहीर आटलेली, बैल विकलेले, आई खडी फोडायला जायची, रेशनवर तांबडा मिलो. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या "नको"शी कधी जोडलंच नाही.

सगळंच जुळलं असं नाही. धाकट्या भावाला १९७५ साली पाठवलंच की पुण्याला. तो हिशेब अजून लागत नाही, आणि अण्णा आता नाहीत.

सकाळी नातू म्हणाला, "आजी, तू साल विचारलंस म्हणून सुटलं."

मी म्हटलं, "माझंही थोडं."

असो. चहा निवतोय.