वेशीचे खांब

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. आता दिल्ली कुठे आणि पोहा कुठे! पोहा हे त्याच तालुक्यातले एक खेडे. पण बादशहाच्या दिल्लीकडे तोंड करून एक वेस, तशीच कडब्याच्या गाड्या येत त्या पोह्याकडे तोंड करून एक. गावाची ही समदृष्टी मला फार आवडते.

बरे, गाव काही लहानसहान नव्हे. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. आणि श्रीमंती अशी की १६७० साली शिवाजी महाराजांची फौज एवढ्या लांब वऱ्हाडात या पेठेवर चालून आली. घरात काही असले, तरच माणूस दाराला कडी लावतो.

आमचे एक मेहुणे मालवाहतुकीचा धंदा करतात. कुठल्याही गावची वेस म्हणजे त्यांना भर रस्त्यात फतकल मारून बसलेली म्हातारी वाटते. "दारे गेली, तट गेला, मग हे दोन खांब कशाला ठेवायचे?" असा त्यांचा रोकडा सवाल. मी त्यांना जुन्या वेशीतल्या खुणा सांगतो : दाराचे टोक ज्यात फिरे तो दगडी खळगा, अडसर सरकवायचे भोक, पहारेकऱ्यांच्या देवड्या. सासरी निघालेल्या लेकीला पोचवायला माणसे वेशीपर्यंत जात. अब्रूची लक्तरे टांगायची तीही वेशीवरच! खांब पाडले, तर आपली निम्मी भाषा कुठे टांगायची?

मेहुणे हसतात, पण त्यांचे ट्रकही खरेच अडतात, हे मला नाकारता येत नाही.

कायदा आहे. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही. पण यादीत नाव चढले तरच कायद्याचे छत्र. आणि छत्राखालीही झुडपे उगवतातच! चंद्रपूरचा परकोट संरक्षित. तरी २०१७ साली गावच्या स्वयंसेवकांनी हाती कोयते-कुदळी घेतल्या, तेव्हा कुठे त्याचे दगड नीट दिसू लागले. यादीत नसलेल्या वेशीला तर शेजाऱ्यांवाचून वाली नाही. रस्ता रुंद करायचा ठरला, की पहिली दोरी तिच्याच खांबाला लागते.

माझे म्हणणे एवढेच, की खांब राहू द्यावेत आणि मोठ्या गाड्यांना बाजूने वाट काढून द्यावी. मेहुण्यांची याला हरकत नाही. फक्त वळशाचे जादा डिझेल कुणाच्या खाती लिहायचे, एवढे ते मला दर भेटीत विचारतात.