भुकेचे माप

शरीराची काही दुखणी अशी असतात की ती पाहून लोकांच्या मनात दया उपजते, आणि काही अशी की ती पाहून त्यांना हसू येते. स्थूलपणा हे दुसऱ्या जातीचे दुखणे. दमेकऱ्यास "तू धापा का टाकतोस?" असे कोणी दरडावून विचारीत नाही, परंतु ११८ किलो वजनाच्या बाईस "तू खातेस तरी किती?" असे विचारण्याचा अधिकार लग्नाच्या पंगतीतल्या परक्या माणसासही आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. वाचकहो, हा प्रश्न मी वीस वर्षे ऐकला. त्याचे उत्तर मला वयाच्या ४७ व्या वर्षी, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर मिळाले.

आमचे बिऱ्हाड आदिलाबादेत. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. अलीकडे आमच्या गल्लीत एका घरी मराठी, दुसऱ्या घरी तेलुगू, तिसऱ्या घरी उर्दू. ज्वारीची भाकरी मात्र सर्वांच्याच ताटात. आम्ही जिला अंबाडी म्हणतो तिला शेजारची अक्का पुंटिकूर म्हणते, आणि वाढताना आम्ही जेथे "अजून थोडे" म्हणतो तेथे ती "इंका कोंचेम" म्हणते. आग्रह दोन्ही भाषांत सारखाच, आणि नकाराचा राग येण्याची रीतही सारखीच. अशा गावात कमी जेवणारा माणूस उद्धट ठरतो. आणि जेवून लठ्ठ झालेला माणूस हावरट!

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन बाळंतपणांनंतर वजन चढत गेले. चाळिशीत मधुमेह आला, पुढे दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागे; रात्री झोपेत श्वास अडके, गुडघे जिन्याच्या तिसऱ्या पायरीस नकार देत. माझी आई मधुमेहानेच ५४ व्या वर्षी गेली. तिच्या पायाची बोटे त्याआधी कापावी लागली होती. मी तिच्या वयाकडे सरकत होते आणि हे घरात कोणी बोलून दाखवीत नव्हते, इतकेच.

प्रयत्न केले नाहीत असे नव्हे. तीन वेळा मी दहा-पंधरा किलो वजन उतरविले आणि तिन्ही वेळा ते व्याजासह परत आले. उपवासकाळही मी निष्ठेने पाळीत असे. सात मुख्य पापांच्या यादीत खादाडपणाचे नाव आहे, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले. त्यामुळे मोठेपणी प्रत्येक घासाबरोबर मी स्वतःची उलटतपासणी घेई. आश्चर्य असे की, माझे ताट आणि यजमानांचे ताट यांत एका घासाचाही फरक नसे. त्यांचे वजन ६२ किलो. फरक ताटात नव्हता. ताट उचलल्यानंतरच्या वेळात होता. त्यांना जेवण झाल्यावर अन्नाची आठवणही राहत नसे. मला तासाभरात पुन्हा पोटात ओढ लागे. ती ओढ मी कधी दाबीत असे, कधी तिच्यापुढे माझे काही चालत नसे. परंतु ती नाही, असा दिवस मला ठाऊक नव्हता.

या ओढीस शास्त्रज्ञांनी नाव दिले आहे. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचे एक द्रव्य शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि मेंदूकडे भुकेची वर्दी पोहोचविते. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, आहार कमी करून ज्यांनी वजन उतरविले त्यांच्या रक्तातील हे द्रव्य घटण्याऐवजी वाढते. म्हणजे माणूस उपाशी राहून दहा किलो उतरवितो तेव्हा शरीर त्यास शाबासकी देत नाही. ते अधिक मोठ्याने हाक मारू लागते. हे मला डॉक्टरांनी कागदावर जठराचे चित्र काढून समजाविले तेव्हा मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. इतकी वर्षे ज्यास मी माझा स्वभाव समजत होते त्याचे घर कागदावर बोटभर जागेत मावले होते.

शस्त्रक्रियेची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी पाहिले की, व्रणांमुळे ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढावा लागे त्या पुढे कृशच राहतात. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी स्थूल रुग्णांसाठी जठर वळविण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. माझ्यावर झाली ती निराळी. तिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. भूक जागविणारा वरचा भाग त्यात निघून जातो.

ही बातमी फुटताच नातेवाइकांत दोन पक्ष पडले. एक पक्ष नितीन गडकरींचे नाव घेई. त्यांनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ते त्याविषयी उघडपणे बोलतातही. दुसरा पक्ष इमान अब्द एल आती या इजिप्तच्या स्त्रीची आठवण काढी. २०१७ च्या फेब्रुवारीत तिला मालवाहू विमानाने मुंबईस आणले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती अबू धाबी येथे वारली. बिचारीची कथा अगदी निराळी. ती वर्षानुवर्षे अंथरुणावरून उठलेली नव्हती. परंतु भीतीला असे बारकावे नको असतात. यजमानांनी डॉक्टरांसमोरच विचारले, "तोंड आवरून हे साधणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "ताईंनी तीन वेळा आवरले आहे. चौथ्यांदा आवरायला सांगू?" धोकेही त्यांनी लपविले नाहीत. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी. मृत्यूचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. यजमानांनी यावर काही न बोलता संमतीपत्रावर सही केली. त्यांचा हात कापत होता हे मी पाहिले. ते मात्र पेन चालत नाही असे म्हणाले.

शस्त्रक्रिया नागपुरास ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. आदिलाबादेहून हमरस्त्याने पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी असा सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. त्याआधी दोन आठवडे अत्यल्प आहार होता, यकृताची सूज उतरावी म्हणून. पोटावर पाच लहान छिद्रे. त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी हाताला धरून चालविले. खांद्यात कळ येत होती; पोटात भरलेल्या हवेची ती कळ, असे समजले. तिसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या आसनावर उशी पोटाशी धरून मी परत आले. पांढरकवड्याच्या अलीकडचा प्रत्येक खड्डा मला अद्याप आठवतो.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ : वरणाचे पाणी, गाळलेले सार, ताक. १४ तारखेस राखेचा बुधवार होता. आजाऱ्यास उपवासातून सूट असते. पण माझ्या वाटीकडे पाहून शेजारणी म्हणू लागल्या की, बाईंनी यंदा फारच कडक व्रत धरले आहे! मी खुलासा केला नाही. थोडा मान मिळत होता, तो का दवडावा?

खरी परीक्षा उन्हाळ्याने घेतली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेला माणूस माठातला तांब्या उचलून घटाघटा पितो. मला ते सुख नव्हते. चमच्या-चमच्याने दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी संपवावयाचे, आणि तेही जेवणाच्या अर्ध्या तासात नाही. घाईने घेतलेला एक घोट छातीत दगडासारखा अडके. मुलीने बाटलीवर खुणा करून तास लिहून दिले होते. दहाच्या खुणेशी अकरा वाजता पाणी दिसले की ती वर्गशिक्षिकेसारखी डोळे वटारी.

आता जे सांगावयाचे ते असे. मार्चच्या आरंभी, शाळेत पुन्हा जाऊ लागल्यावर, एके दिवशी चार वाजता घंटा झाली आणि माझ्या लक्षात आले की, सकाळपासून मला अन्नाची आठवणच झाली नव्हती. डबा पिशवीत तसाच होता. मी फलकाकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आले. आनंदाचे म्हणावे तर तेही नव्हे. इतर माणसे सारी वर्षे अशी जगत होती तर! त्या रात्री मी यजमानांना विचारले, "अहो, तुम्हाला रोज असेच वाटते का?"

"कसे?"

"जेवण झाले म्हणजे झाले, असे."

ते गोंधळून म्हणाले, "मग आणखी कसे वाटणार?"

म्हणजे वीस वर्षे एकाच पंगतीस बसून आम्ही दोन निराळ्या भुका जेवत होतो, आणि एकीच्या मापाने दुसरीस तोलीत होतो.

सर्व सुखाचेच झाले असे नाही. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले; पुढे ते परत आले. पोटाची कातडी सैल लोंबते. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभराच्या सोबती. वर्षानंतर भूक काही अंशी परतली. पण ती आता ओरडत नाही, हाक मारते. वजन ७६ वर उतरून ७९ वर स्थिरावले. इन्सुलिन दुसऱ्या महिन्यातच थांबले; आता सकाळी एक गोळी पुरते. अर्धी भाकरी मी पंचवीस मिनिटांत खाते, आणि अक्का "इंका कोंचेम" म्हणत पळी घेऊन आली की ताटावर हात ठेवते. आरंभी तिला वाईट वाटले. हल्ली ती माझ्यासाठी लहान वाटी निराळी ठेवते.

एका गोष्टीची मात्र मला मौज वाटते, आणि थोडा रागही येतो. पूर्वी जे मला "मनावर ताबा नाही" म्हणत, तेच आता "मनावर घेतलेस, शाबास!" म्हणतात. मन तेच आहे, हो! काही जण याउलट "सोपी वाट धरली" म्हणतात. त्यांनी मे महिन्यात चमच्याने पाणी पिऊन पाहावे. माझी पंधरा वर्षांची मुलगी अंगाने माझ्यावर गेली आहे. पाहुणे आले की ती ताट घेऊन आतल्या खोलीत जाई. आता मी तिला बाहेर माझ्याजवळ बसविते, आणि कोणी तिच्या ताटाकडे पाहिले तर मी त्यांच्या ताटाकडे पाहते.

अलीकडे काही भगिनी विचारतात की, आम्हीही करून घ्यावी काय. मी माझा दाखला देते, सल्ला देत नाही. मार्च २०२५ पासून टिर्झेपटाइडचे आठवड्यास एकदा घ्यावयाचे इंजेक्शनही भारतात मिळू लागले आहे. कोणास काय योग्य, हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच सांगावे. माझी पुढची तपासणी जूनमध्ये आहे. पाऊस लागून कापसाची पेरणी सुरू होण्याआधी नागपूरला जाऊन यावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. नंतर त्यांना सवड नसते.